मोठी स्टेपनी: भार दाराने घ्यायचा की चेसीने?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. थारचे मूळचे २५५/६५ आर १८ टायर काढून तुम्ही २८५/७० आर १७ चे चार टायर नव्या अलॉयसकट बसवलेत. मागच्या दारावरची स्टेपनी मात्र जुन्याच मापाची आहे. दुकानदार म्हणतो, "स्टेपनी वेळ भागवायला असते, राहू द्या." ग्रुपमधले मित्र म्हणतात, पाचवाही तोच घ्या. घेतला तर दारावर बसेल का, बिजागऱ्या टिकतील का, की मागे वेगळा कॅरियर करावा लागेल, आणि आरटीओ काय म्हणेल?

पाचवा त्याच मापाचा घ्या. त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र घेतला की आहे त्या कॅरियरवर तो नुसता ठोकून बसवू नका. भोसरीत आमच्या शेडमध्ये मागच्या दाराची कामं घेऊन येणाऱ्या गाड्यांत बहुतेकांचा प्रश्न "टायर बसतो का" एवढाच असतो. टायर बहुतेक वेळा बसतो. त्याचा भार पुढची पाच-सात वर्षं कोण उचलणार, हे कुणी विचारत नाही.

आधी जुनी स्टेपनी का चालत नाही ते बघू. २५५/६५ आर १८ चा व्यास साधारण ७८९ मिलिमीटर भरतो आणि २८५/७० आर १७ चा ८३१. फरक ४२ मिलिमीटरचा, म्हणजे पाच टक्क्यांहून थोडा जास्त. एकाच अ‍ॅक्सलवर एक चाक मोठं आणि एक लहान असेल, तर सरळ रस्त्यावरही लहान चाक सतत जास्त फेरे घेतं आणि डिफरन्शियलमधले (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या पेटीतले) छोटे गिअर एक क्षणही थांबत नाहीत. ते गिअर वळणावर थोडा वेळ फिरण्यासाठी बनवलेले असतात, वेल्ह्यापासून पुण्यापर्यंत अखंड फिरण्यासाठी नाही. तेल तापतं, गिअरच्या मागचे पातळ वायसर झिजतात. शिवाय एबीएसचे (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) सेन्सर चाकांचे फेरे मोजतात. एका चाकाचा आकडा कायम वेगळा दिसला की डॅशबोर्डवर दिवे लागू शकतात.

फोर बाय फोरमध्ये तर हे आणखी वाईट. थार, जिम्नी, गुरखा या तिन्ही गाड्यांत पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नाही. ४एच किंवा ४एल (चारही चाकं ओढणारे गिअर) टाकलं की पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट एकाच वेगाने बांधले जातात. चाकं वेगवेगळ्या व्यासाची असतील तर तो फरक कुठेतरी जिरायला हवा. चिखलात, वाळूत टायर घसरून तो जिरतो. कोरड्या खडकावर जिरत नाही, शाफ्ट पिळत जातो आणि शेवटी ४एचचा लिव्हर निघता निघत नाही. थोडक्यात, पंक्चर झाल्यावर जिथून बाहेर पडायला फोर बाय फोर लागणार, तिथेच ते वापरता येणार नाही.

नवा टायर येईपर्यंत जुनीच स्टेपनी घेऊन जायची वेळ आली तर एवढं करा: लहान चाक मागे लावू नका. २एचमध्ये, म्हणजे रोजच्या टू-व्हील ड्राइव्हमध्ये, या गाड्यांची मागची चाकं ओढतात. मागचा टायर बसला असेल तर पुढचा मोठा टायर काढून मागे लावा आणि लहान स्टेपनी पुढे. दोनदा जॅक लावावा लागेल, लावा. मग २एचमध्येच, हळू, पहिल्या पंक्चरवाल्यापर्यंत.

"ट्यूबलेस आहे, किट आहे, स्टेपनी हवीच कशाला?" असंही काही जण म्हणतात. २०२० मध्ये नियमांत बदल झाला आणि टायरमधला दाब दाखवणारी यंत्रणा व पंक्चर किट असेल तर स्टेपनीशिवाय गाडी द्यायला परवानगी मिळाली, हे खरं आहे. शहरात आणि महामार्गावर ते ठीक. पण किटमधली रबरी पट्टी फक्त ट्रेडमधलं, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीतलं, भोक बुजवते. मुळशी-ताम्हिणीच्या आतल्या वाटा असोत की भोर-वरंध्याकडचे कच्चे रस्ते, आपला काळा बेसॉल्ट फुटतो तेव्हा त्याला धार येते, आणि चिखलात रुतलेला तसला दगड टायरला बाजूने कापतो. साईडवॉलला चार बोटं चीर पडली की कुठलंही किट उपयोगी नाही. तिथे पाचवं चाकच लागतं.

आता भाराकडे येऊ. टायर घेण्याआधी एक काम करा. जुनी स्टेपनी आणि नव्या चाकांपैकी एक, दोन्ही रिमसकट, जवळच्या भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवून वजन करा. टायरच्या बांधणीनुसार आकडे बदलतात, विशेषतः एलटी (लाइट ट्रक) लिहिलेला टायर जाड साईडवॉलमुळे बराच जड असतो. हिशेबापुरतं धरू की जुनं चाक २८ किलो आणि नवं ३७. वजन वाढलं सुमारे एक तृतीयांश. पण दाराला कळतो तो नुसता वजनाचा आकडा नाही. वजन गुणिले अंतर, म्हणजे चाकाचा मध्य दारापासून किती बाहेर आहे, ते कळतं. जुन्या चाकाचा मध्य २० सेंटिमीटर बाहेर असेल आणि नव्याचा २४, तर २८ गुणिले २० म्हणजे ५६०, आणि ३७ गुणिले २४ म्हणजे ८८८. बिजागरीवरची ओढ जवळपास साठ टक्क्यांनी वाढली. हे गाडी उभी असताना. खड्ड्यात चाक आपटतं तेव्हा तोच भार क्षणभर दुप्पट-तिप्पट होतो. आणि हे आपटणं मुख्यतः ट्रेलवर होतं असं समजू नका. महिन्यातून एकदा डोंगरात जाणारी गाडी रोज ऑफिसला जाताना जे स्पीडब्रेकर ओलांडते, दाराला थकवण्याचं काम तेच करतात.

हे चार सेंटिमीटर आले कुठून? इथे अलॉयचा ऑफसेट येतो, म्हणजे चाकाच्या रुंदीच्या मध्यापासून त्याचं हबला टेकणारं तोंड किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे ते अंतर, आणि नव्वद टक्के लोक इथेच फसतात. चाकाचं जे तोंड हबला टेकतं, तेच स्टेपनीच्या कॅरियरला टेकतं. त्या तोंडापासून टायरची आतली कड किती खोल जाते, हे काढायचं असेल तर टायरच्या रुंदीच्या निम्म्यात ऑफसेट मिळवा. बाहेर किती येते ते काढायला निम्म्या रुंदीतून ऑफसेट वजा करा. समजा जुनं रिम ४० ऑफसेटचं आहे: आत १२७.५ अधिक ४० म्हणजे १६७.५ मिलिमीटर, बाहेर ८७.५. नवं अलॉय शून्य ऑफसेटचं घेतलंत: आत १४२.५, बाहेरही १४२.५. म्हणजे टायर दारापासून २५ मिलिमीटर दूर राहिला आणि मागे ५५ मिलिमीटर जास्त बाहेर आला.

ते २५ मिलिमीटर फार महत्त्वाचे. दारावर जे काळे रबरी ठोकळे असतात, त्यांच्यावर टायर किंचित दाबून बसायला हवा. तो दाबला गेला की भार बोल्ट आणि ठोकळे मिळून घेतात. ठोकळ्यांना टायर टेकलाच नाही तर सगळं चाक मधल्या तीन बोल्टवर लटकतं आणि प्रत्येक धक्क्याला डुलतं. याच्या उलटही होतं. ऑफसेट तसाच ठेवून फक्त रुंदी वाढवली तर टायर १५ मिलिमीटर आत जातो, रबरं पूर्ण दबतात आणि रिम कॅरियरला टेकायच्या आधीच टायर दाराच्या पत्र्याला भिडतो. मग काही जण नट पिळत राहतात आणि पत्रा आत जातो. पहिल्या प्रकारात ठोकळ्यांची उंची वाढवायची: कडक रबराचे, मागे ३ मिलिमीटरची पट्टी देऊन. दुसऱ्या प्रकारात कॅरियर आणि रिमच्या मध्ये लेथवर बनवलेली चकती आणि तेवढेच लांब स्टड. चकती जेवढी जाड, तेवढं वजन बाहेर गेलं, हे विसरू नका. जरुरीपेक्षा एक मिलिमीटरही जाड करू नका.

उंचीकडेही बघा. व्यास ४२ ने वाढला म्हणजे टायरची खालची कड २१ मिलिमीटर खाली आली. बंपर आणि टायरमधली फट आधीच कमी असेल तर दार उघडताना घासेल. चालत्या गाडीत दार थोडं हलतंच, म्हणून गाडी उभी असताना बोटभर फट तरी राहायलाच हवी. ती मिळवायला चाक वर सरकवलंत तर मागची काच उघडताना, वायपर फिरताना टायर आडवा येतो का, तेही तपासा.

दाराची आजची हालत कशी ओळखायची? स्टेपनी लावलेली असताना दार अर्धवट उघडा. कुलपाच्या बाजूची कड दोन्ही हातांनी धरून वर उचला आणि सोडा, दुसऱ्या माणसाला वरच्या बिजागरीवर बोट ठेवायला सांगा. खेळ असेल तर बोटाला टक्क कळतं. दार बंद करताना शेवटी किंचित उचलावं लागत असेल तर बिजागरी बसलेली आहे. मग टॉर्च घेऊन कॅरियरचे बोल्ट जिथे पत्र्यात जातात तिथे, खास करून खालच्या दोन कोपऱ्यांत, आडवा उजेड टाका. रंगावर केसासारखी रेघ आणि तिच्या कडेला गंजाचा तपकिरी डाग दिसला तर तो रंगाचा तडा समजू नका, खालचा पत्रा फाटतोय. एका गाडीत ही रेघ टपाल तिकिटाएवढी होती. आतली ट्रिम काढल्यावर मागचं स्पॉट वेल्डिंग सुटलेलं आणि पत्रा तळहाताएवढा उघडलेला निघाला. मालक डिक्कीतला खडखडाट सामानाचा समजत होते.

यावरून माझं मत असं बनलं आहे. जिम्नीला १९५/८० आर १५ च्या जागी २१५/७५ आर १५ घातलेत तर व्यास फक्त १० मिलिमीटरच्या आसपास वाढतो. ऑफसेट फार बदलला नसेल तर दारावरच ठेवा, रबरं जुळवा, काम झालं. थारला २६५/७० आर १७ सारखं माप असेल तर दाराच्या आतून मजबुतीची प्लेट देऊन दारावर राहू शकतं. २८५ आणि तोही एलटी असेल, तर भार दारावरून काढा. तुमची गाडी या शेवटच्या प्रकारात येते.

भार काढायचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात दाराच्या मूळ बिजागऱ्यांच्या जागी जाड प्लेटच्या बिजागऱ्या येतात आणि त्यांनाच जोडलेली फ्रेम चाक धरते. दार त्या फ्रेमबरोबर उघडतं, पण वजन पत्र्यावर न येता बिजागऱ्यांतून थेट बॉडीच्या खांबावर जातं. दिसायला नीटस, वापरायला सोपं, एका हाताने दार उघडतं. मर्यादा एवढीच की बॉडीचा तो खांबही शेवटी पत्र्याचाच आहे. दुसऱ्या मार्गात मागच्या बंपरच्या जागी चेसीला बोल्ट केलेला लोखंडी बंपर, त्याच्या एका कोपऱ्यात उभा स्पिंडल (फिरण्याचा दांडा) आणि त्यावर फिरणारा हात. भार पूर्ण चेसीवर. पण मागच्या टोकावर वजन वाढतं, डिपार्चर अँगल (चढ-उतारावर गाडीचा मागचा भाग न घासता निघतो तो कोन) कमी होऊ शकतो आणि डिक्की उघडायला दोन कामं होतात: आधी हात फिरवा, मग दार उघडा. शहरात रोज भाजी ठेवायला डिक्की उघडणाऱ्याला याचा वैताग येतो, म्हणून घरच्यांना विचारून ठरवा.

चेसीवरचा कॅरियर करून घेणार असाल तर फॅब्रिकेटरशी बोलताना पुढच्या गोष्टींवर अडून बसा. चेसीवर वेल्डिंग नाही. मूळ बंपरची जी भोकं आहेत तीच वापरायची, ८.८ ग्रेडचे बोल्ट, नायलॉक (आपोआप न सुटणारे) नट, मागे जाड प्लेट. स्पिंडलला नुसता पाईपात पाईप चालणार नाही. टेपर रोलर बेअरिंगची जोडी हवी, ट्रेलरच्या हबला असते तशी, वर ग्रीसचं निपल आणि खाली पाणी अडवणारं सील. बेअरिंग ताणून घेता येत असल्यामुळे दोन पावसाळ्यांनी खेळ आला तरी एक नट आवळून तो जातो. बंद झाल्यावर हाताचं टोक नुसत्या कुलपावर लटकू नये. ते उताराच्या ठोकळ्यावर चढून बसलं पाहिजे, म्हणजे भार ठोकळा घेतो आणि कुलूप फक्त ओढून धरतं. उघड्या स्थितीत अडकवायला पिन हवीच. उतारावर गाडी उभी असताना ३७ किलोचं चाक लावलेला हात मोकळा फिरला तर माणसाचा गुडघा मोडेल. गाडीवर कुठेही वेल्डिंग करायचंच असेल तर आधी बॅटरीची वायर काढा आणि अर्थ वेल्डिंगच्या अगदी जवळ लावा, नाहीतर करंट ईसीयूतून, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधून, वाट काढतो. दाराच्या पातळ पत्र्यावर वेल्डिंग तर कुणी फुकट करून दिलं तरी नको. पत्रा जळतो, आतलं गंजरोधक लेपन जातं आणि ताम्हिणीचा एक पावसाळा उरलेलं काम करतो. पाईपची फ्रेम असेल तर खालच्या बाजूला पाणी निघायला भोकं ठेवायला सांगा, हेही सहसा राहून जातं.

टपावर स्टेपनी ठेवायचा विचार मी करत नाही. एवढं वजन डोक्यावर नेल्याने आडव्या उतारावर गाडी कलंडायची शक्यता वाढते, आणि पंक्चर झाल्यावर चिखलात उभं राहून ते चाक खाली कोण घेणार? आत ठेवणार असाल तर रॅचेट पट्ट्यांनी चेसीशी जोडलेल्या हुकांना बांधा. सीटच्या पाठीमागे मोकळं चाक ठेवू नका. स्कॉर्पिओसारख्या गाड्यांत स्टेपनी पोटाखाली असते, तिथे मोठा टायर सायलेन्सरच्या पाईपला टेकतो का आणि साखळी पूर्ण वर येते का, एवढंच बघायचं.

आता आरटीओ. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल चालणार नाहीत असं सांगितलं. बुलबार आणि क्रॅशगार्डवर कारवाई करा असं पत्र रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पाठवलं. मागचा लोखंडी बंपर रस्त्यावरच्या पोलिसाला त्याच नजरेने दिसतो. म्हणून ऑर्डर देण्याआधी आरटीओत लेखी विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. तोंडी "चालतंय" म्हणणारा दुकानदार क्लेमच्या वेळी येत नाही. बिजागरीवरच्या फ्रेमचा पर्याय मी अनेकांना सुचवतो त्याचं हेही एक कारण: मूळ बंपर जागेवर राहतो. मार्ग कुठलाही असो, मागची नंबरप्लेट, तिचा दिवा, वरचा ब्रेकलाईट आणि इंडिकेटर टायरमागे झाकले जाता कामा नयेत. रात्री गाडीच्या मागे वीस पावलं जाऊन स्वतः बघा.

स्पीडोमीटरबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. काटा ८० दाखवेल तेव्हा चाकांच्या फेऱ्यांनुसार गाडी पूर्वीपेक्षा पाच टक्के जास्त वेगात असेल. एक्स्प्रेसवेवर कॅमेरे आहेत, जीपीएसवर एकदा ताडून बघा.

पाचवा टायर आला की त्याला दारावर शोभेला ठेवू नका. चार टायर झिजून ट्रेड पाच मिलिमीटर कमी झाली आणि स्टेपनी कोरीच राहिली, तर व्यासात १० मिलिमीटरचा फरक पडतो. थोड्या प्रमाणात तीच भानगड. दर आठ-दहा हजार किलोमीटरला पाचही चाकं फिरवा. एकाच दिशेने फिरणाऱ्या नक्षीचे टायर असतील तर हे जमत नाही, म्हणून तसले टायर मुळात घेऊच नका. स्टेपनीत हवा दोन-चार पीएसआय जास्त ठेवा, काढणं सोपं असतं. साईडवॉलवरचे शेवटचे चार आकडे वाचून घ्या: ३५२१ असेल तर २०२१ सालचा पस्तिसावा आठवडा. दुकानदार चार ताजे देऊन पाचवा जुन्या साठ्यातला खपवतो, असं होतं.

आणि टायर बसवून झाल्यावर सोसायटीच्या पार्किंगमध्येच एकदा संपूर्ण चाक बदलून बघा. मूळ जॅक नव्या उंचीला पुरतो का, तिथे कळेल. बहुतेकदा खाली लाकडी ठोकळा लागतो. नव्या अलॉयचे नट वेगळे असतील तर जुना पाना बसणार नाही, आणि स्टेपनीचे नट तिसऱ्याच मापाचे असू शकतात. ३७ किलोचं चाक हाताने उचलू नका. चाक उभं करून कॅरियरला भिडवा, खाली पहार घाला, एकाने पहार दाबायची आणि दुसऱ्याने भोकं स्टडवर ढकलायची. नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला आवळा, शंभरेक किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा पाना फिरवा, आणि तेव्हाच बिजागरीवर बोट ठेवून दार उचलून बघा.